कॅरमच्या पावडरीची सुरी

सात रस्ता चौकाजवळ योगासनांच्या वर्गाला जाते, असं मी घरी सांगितलं होतं. वेळ सकाळी सात ते साडेनऊ. आमचे हे म्हणाले, "अडीच तास योगासनं? संन्यास घेणार आहेस काय?"

मी म्हटलं, "त्यात अर्धा तास शवासन असतं."

त्यांचं लगेच समाधान झालं. सगळ्या योगशास्त्रात शवासन हा एकच प्रकार त्यांना मनापासून पटतो.

खरं तर मी जात होते अक्कलकोट रस्त्याला. तिथं पंक्चरच्या एका दुकानामागं, कडुनिंबाखाली एका लोहाराची भट्टी आहे. नुकतीच मी शाळेतून निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. लोखंड, कार्बन, पोलाद हा धडा इतक्यांदा शिकवला होता की झोपेतून उठवलं तरी फळ्यावर आकृती काढून दाखवली असती. पण लाल झालेलं लोखंड हाताच्या अंतरावरून मी एकदाही पाहिलं नव्हतं. आणि एके दिवशी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. एक माणूस दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचतो, भट्टीत तापवतो, ठोकून त्यांचा एकच तुकडा करतो, तो दुमडतो, पुन्हा ठोकतो. शेवटी त्याची सुरी करून एका द्रावात बुडवतो, आणि पात्यावर लाकडासारख्या रेघा उमटतात. रंगवलेल्या नाहीत, कोरलेल्या नाहीत, आतूनच आलेल्या. तो व्हिडिओ मी सात-आठ वेळा तरी बघितला असेल. तशी सुरी विकत घ्यायची माझी इच्छा नव्हती. ती मला करायची होती.

मग घरी खोटं का बोलले? एक तर खरं सांगितलं असतं तर ह्यांनी पुण्याला मुलीला फोन लावला असता आणि दोघांनी मिळून माझं वय मला सांगितलं असतं. दुसरं कारण जरा निराळं आहे. एकतीस वर्षं मी पोरांचं खोटं त्यांच्या डोळ्यांवरून ओळखत आले. आपल्याला स्वतःला ते कितपत जमतं, हे एकदा बघायचं होतं. चांगलं जमलं.

लोहार सत्तरीचे असतील. अंगानं काटक, डोक्यावर टोपी, चष्म्याची एक काडी गेलेली, तिथं सुतळी. त्यांची बायको त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण घण मारायचं काम तिचं. लुगड्याचा काष्टा मारून ती ऐरणीसमोर उभी राहिली की समोरच्या माणसाचा आवाज आपोआप खाली यायचा. मी त्यांना मामा आणि मामी म्हणायला लागले. जवळच्या एमआयडीसीतले कामगार छिन्न्या घेऊन यायचे, आसपासच्या गावांतली माणसं खुरपी आणि कोयते घेऊन यायची. माझ्यासारखं कुणी मोबाइल घेऊन आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"मामा, मला सुरी बनवायची आहे."

"किती इंची?"

"तुम्ही बनवायची नाही, मी बनवायची. असल्या रेघा असलेली." मी व्हिडिओ लावून दिला.

मामांनी मोबाइल हातभर लांब धरून बघितला आणि परत दिला. "रेघा पायजेत तर पेंटरकडं जावा की. दोन मिन्टांत मारून दील."

मामीनं लुगड्याला हात पुसले आणि मोबाइल घेतला. तिनं तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाली, "ह्यो मानूस मान वाकवून मारतोय. धा वर्सांत पाट जानार ह्याची." आणि नवऱ्याकडं वळून, "व्हतंय की हे. तुमचा बाप कोयत्याला पोलादाची धार जोडत न्हवता का भट्टीतच?"

"दोन तुकड्यांचा जोड येगळा. हितं सात पट्ट्या हायत. न्हाय व्हायाचं."

"व्हनार."

"न्हाय."

"लावता का शर्यत?"

मी काही म्हणायच्या आत शर्यत लागलीसुद्धा. जोड बसला तर मामांनी आठ दिवस भाकऱ्या थापायच्या. नाही बसला तर मामीनं आठ दिवस तोंड उघडायचं नाही. मामांचा चेहरा बघून मला कळलं की हे आठ दिवस ते कितीतरी वर्षं मागत असावेत. माझ्या सुरीचं त्यात कुणालाच काही पडलेलं नव्हतं, पण मला भट्टीत प्रवेश मिळाला होता.

पट्ट्या दोन प्रकारच्या लागतात. एक जात काळी पडणारी, एक चकचकीत राहणारी, म्हणजे रेघा दिसतात. पहिलीसाठी मामांच्या पेटीतल्या झिजलेल्या कानशी होत्या. दुसरीसाठी मी एका लाकडाच्या वखारीत जाऊन करवतीचं मोडकं पातं मागून आणलं. वखारवाल्यानं विचारलं, "कशाला हो बाई?" मी म्हटलं, "शाळेच्या प्रदर्शनाला." निवृत्त झाल्याचं त्याला कुठं माहीत होतं? खोटं बोलायची सवय लागली की जीभ आपली आपण चालते, हे मला तेव्हा समजलं.

मामीनं कानशी तापवून चपट्या केल्या. वीतभर लांब, दोन बोटं रुंद अशा सात पट्ट्या कापल्या. चार कानशीच्या, तीन करवतीच्या. मी दोन सकाळी बसून त्या घासून चकचकीत केल्या, कारण मध्ये गंजाचा कण राहिला तर जोड बसत नाही. सातही पट्ट्या आलटून पालटून रचल्या. मग मी हात धुवायला गेले, मामीनं चहा आणला, तो आम्ही प्यायलो, आणि गठ्ठा तारेनं आवळून भट्टीत गेला.

भट्टीला वारा घालणाऱ्या पंख्याचा दांडा मी फिरवत होते. गठ्ठा लाल झाला की बाहेर काढून त्यावर टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, भुरभुरायचा. तो वितळून काचेसारखा पसरतो, लोखंडावर नवा गंज धरू देत नाही, आणि आत जो असेल तो घेऊन बाहेर वाहतो. मग पुन्हा भट्टी. लाल, नारिंगी, पिवळा. पिवळ्याच्या पुढं गेलं की मामा म्हणायचे, "ताव आला." तेवढा एक क्षण मिळतो. मामांनी सांडशीत गठ्ठा धरून ऐरणीवर ठेवला, लहान हातोडीनं जागा दाखवली, आणि मामीचा घण पडला. तीन तावांनंतर आम्ही तो थंड करून बघितला. मधोमध तो उघडला. चिरोट्यासारखा.

"न्हाय म्हटलं व्हतं." मामांनी बिडी पेटवली. मामी गप्प. शर्यतीचे आठ दिवस बहुतेक सुरू झाले होते.

मी ते तुकडे योगाच्या पिशवीत घालून घरी आणले. मला एक गोष्ट खटकत होती. काही पट्ट्या एकमेकींना चिकटून धरलेल्या होत्या, पण एकच पट्टी अशी होती की तिला कुणी शिवलंच नव्हतं. दोन्ही बाजूंनी सुटी. स्वयंपाकघरात फ्रिजवर आमच्याकडं लोहचुंबक लावलेलं कैरीचं चित्र आहे, ते काढून मी एकेका पट्टीला लावलं. सगळ्यांना चिकटलं. त्या सुट्या पट्टीवरून कैरी खाली पडली.

"काय पडलं गं?" बाहेरून ह्यांचा आवाज.

"कैरी!"

"या दिवसांत?"

मी आनंदानं भिंतीला टेकले होते. ती पट्टी स्टेनलेस स्टीलची होती. ताटं-वाट्यांच्या जातीचं, ज्याला चुंबक धरत नाही. आणि त्याच्यावर क्रोमियमचा असा पापुद्रा असतो की टाकणखार त्याला काही करू शकत नाही. म्हणजे जोड बसणं शक्यच नव्हतं. मी घासलेल्या सात पट्ट्यांत ती नव्हती. ती मागाहून आली होती, आणि एक करवतीची गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी भट्टीवर गेले ती कैरी घेऊनच. मामांपुढं ती पट्टी धरली आणि कैरी लावली. पडली. दुसऱ्या पट्टीला लावली. चिकटली. वर्गात कॉपी सापडल्यावर मी जशी काही न बोलता बाकापाशी उभी राहायची, तशी उभी राहिले.

मामांनी आधी निंबाच्या झाडाकडं बघितलं, मग रस्त्याकडं.

आठ दिवस न बोलायचं ठरलेली मामी उभी राहिली. "आवो! च्या आनाया गेलते मी तवाच घातलीसा न्हवं? बाई, ह्येंच्या टोपीत बगा, टोपीत!"

टोपी वर केली तर खरंच आमची तिसरी करवतीची पट्टी तिथं होती. चकचकीत घासलेली. मामांनी ती अगदी सहज काढून माझ्या हातात दिली.

"बाईंची परीक्षा घेतली," ते म्हणाले. "पास झाल्या. आता शिकवायला हरकत न्हाय."

त्यावर मामी इतकी हसली की तिला ऐरणीवर हात टेकून बसावं लागलं. मीही हसले. एकतीस वर्षांत माझी असली परीक्षा कुणी घेतली नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मामा मला मनापासून शिकवायला लागले. शर्यत मात्र कायम राहिली.

पण टाकणखार संपला होता. मी ज्या काष्ठौषधीच्या दुकानातून तो आणला होता त्याचा मालक देवदर्शनाला गेला होता, दुकानाला कुलूप. इतर ठिकाणी विचारलं तर मला दात घासायचं मंजन दाखवलं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आमच्या गॅलरीतला कॅरम बोर्ड आला.

आमचे हे कचेरीतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी तीन मित्रांबरोबर कॅरम खेळतात. कॅरमवर टाकतात ती पावडर म्हणजे बोरिक ॲसिड. टाकणखाराची चुलत बहीण म्हणा. भट्टीत ती टाकणखारासारखीच वितळते. मी डब्यातली पाऊण पावडर काढून घेतली आणि डबा रिकामा दिसू नये म्हणून त्यात ज्वारीचं पीठ चाळून भरलं. वस्त्रगाळ. वरून थोडी खरी पावडर. माझ्या हातानं केलेलं काम असल्यामुळं सफाई होती.

संध्याकाळी मी आत भाजी निवडत ऐकत होते.

"स्ट्रायकर अडतोय की आज."

"बोर्ड दमट झाला असेल."

"अहो, दमट कसला. पावडर भेसळीची आहे. आता पावडरीतपण भेसळ करायला लागले बघा."

मग त्यांच्यातले एक जण म्हणाले, "मला मघापासून भाकरीचा वास येतोय. वहिनींनी थापायला घेतल्या वाटतं."

मी तोंडात पदर कोंबून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर मुंग्यांची रांग. ह्यांनी तो डबा फेकून दिला आणि नवा आणला. जुन्या पावडरीवर आमचा एक छोटा प्रयोग, दोनच पट्ट्यांचा, छान बसला होता. सातांच्या गठ्ठ्याला जास्त लागणार होती. म्हणून पुढच्या सकाळी मी नवा डबा उचलून सरळ पिशवीत टाकला. संध्याकाळी विचारलंच तर सांगणार होते की झुरळांसाठी कणकेत कालवून गोळ्या केल्या. हे सगळ्यांच्या घरी करतात, कुणाला संशय येत नाही.

घाईत एवढंच झालं की डब्याचं लाल झाकण पिशवीतून वर डोकावत राहिलं. आमचे हे दारात पेपर वाचत होते. त्यांनी पेपरावरून बघितलं आणि म्हणाले, "सावकाश जा."

गठ्ठा पुन्हा रचला होता. या वेळी मामीनं चहा केला नाही आणि मामांना टोपीही घालू दिली नाही. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला ओढणी, हातात डबा, अशी मी भट्टीपाशी उकिडवी बसले होते. पंखा फिरवायला कुणी हवं होतं, कारण मामी घणाला आणि मामा सांडशीला. तेवढ्यात मागं कुणीतरी आल्याचं मला जाणवलं. नेहमीसारखं गिऱ्हाईक असणार. मामी म्हणाली, "काम चालू हाय साहेब, थांबावं लागंल. रिकामंच हाय न्हवं? मग पंका फिरवा जरा. जोरात न्हाय, एकसारका."

पंखा फिरायला लागला. चांगला एकसारखा. गठ्ठा लाल झाला, मामांनी बाहेर काढला. "बाई, टाका."

मी झाकण उघडलं आणि मूठभर पावडर घेतली.

"बेतानं," मागून आवाज आला. "नवा डबा आहे."

तेहतीस वर्षं ऐकलेला आवाज. मी वळून बघितलं तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले आमचे हे, एका हातानं पंख्याचा दांडा फिरवतायत, दुसऱ्या हातात माझी पाण्याची बाटली. ती मी घरी विसरले होते. नंतर कळलं की ती द्यायच्या निमित्तानं ते स्कूटरवरून माझ्या रिक्षामागं आले होते.

"अहो, तुम्ही..."

मामीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं, आणि तिला सगळं कळलं. "बाई, नवरा कुटं पळून जात न्हाय! आदी लोखंड बगा, ताव चाललाय!"

मी पावडर टाकली. गठ्ठा पुन्हा आत गेला. ह्यांनी विचारलं, "फिरवू?" मामा म्हणाले, "फिरवा की! थांबलासा कशाला?" आणि ह्यांनी शर्टाची बाही वर करून दांडा धरला. भट्टीतून पांढरट पिवळा उजेड यायला लागला. पट्ट्यांच्या कडेनं पावडरीचा रस कढत्या तुपासारखा उकळत होता. मामा नुसते बघत होते, चष्मा कपाळावर सरकवून, उघड्या डोळ्यांनी.

"आता."

ऐरणीवर पहिला घण पडला तेव्हा रसाचे शिंतोडे चहूकडं उडाले. ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर दोन. दुसरा घाव, तिसरा. पुन्हा भट्टी, पुन्हा पावडर, पुन्हा घण. पहिल्या तावात घणाचा आवाज थप थप येत होता, रद्दीच्या गठ्ठ्यावर मारल्यासारखा. तिसऱ्या तावात आवाज बदलला. ठण्ण. एकच, भरीव. मामांचा हात थांबला. त्यांनी स्वतः हातोडीनं चारही बाजूंनी वाजवून बघितलं. मग एक कड कानशीनं घासली आणि चष्मा नाकावर घेऊन बघितलं. कुठं चीर नव्हती.

"बसला," मामा म्हणाले. ते हरले होते, पण तो शब्द त्यांच्या तोंडून कसा गोड निघाला ते मला आठवतं.

मग ह्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "शवासन झालं का आजचं?"

मी सगळं खरं सांगितलं, तिथंच, दगडावर बसून. ज्वारीच्या पिठाचंही सांगितलं. मला वाटलं चिडतील. पण ते शर्टावरचे दोन डाग बघत म्हणाले, "म्हणजे दुकानदाराला मी उगाच बोललो. त्याची माफी मागायला हवी." मग थोड्या वेळानं, "उद्या पंखा कोण फिरवणार आहे?"

तेव्हापासून आम्ही दोघं जायला लागलो. ह्यांनी कॅरमच्या मित्रांना सांगितलं की आपणही योगासनं सुरू केली आहेत. ते तिघंही म्हणाले, आम्ही पण येतो. तेव्हा आयुष्यभर कचेरीत सरळ मार्गानं काम केलेला माझा नवरा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "तो वर्ग फक्त जोडप्यांसाठी आहे." मी आतून ऐकलं आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पुढचं काम मेहनतीचं होतं. तुकडा लांबवायचा, मधोमध छिन्नीनं खाच पाडायची, दुमडायचा, पुन्हा जोड मारायचा. सातांचे चौदा थर, चौदांचे अठ्ठावीस, मग छप्पन्न. शेवटच्या दुमडीला मामीनं घण माझ्या हातात दिला. मी पूर्ण ताकदीनं उचलला आणि मारला तो ऐरणीच्या कोपऱ्यावर.

"ऐरनीनं काय वाकडं केलंय तुमचं?" मामी म्हणाली. "मनगटानं मारू नका. घन वर न्या आनि सोडा. खाली यायचं त्याला कळतंय."

चौथा घाव बरा पडला, सातवा बरोबर पडला. हातांना फोड आले. घरी कामवाल्या बाईनं विचारलं तर मी म्हटलं, योगासनांत दोरीला लटकायचं असतं. आता त्या योगवर्गाची ख्याती आमच्या गल्लीत बरीच पसरली होती.

नक्षीचं डोकं मामांचं. थर सरळच राहिले तर रेघाही सरळच येणार. त्यांनी पात्याच्या दोन्ही अंगांना छिन्नीनं आडव्या खाचा पाडल्या आणि मग ते तापवून ठोकून पुन्हा सपाट केलं. "आता आतल्या रेघा जागा सोडून वर यायला बगतील," ते म्हणाले. हे त्यांनी आधी कधी केलेलं नव्हतं. व्हिडिओही पुन्हा बघितला नव्हता. मी फळ्यावर आकृती काढून जे समजावलं असतं ते त्यांनी बिडी ओढता ओढता हातानं करून टाकलं. मला जरा मत्सरच वाटला.

पात्याला पाणी द्यायचं होतं, म्हणजे लाल करून एकदम थंड करायचं. मी म्हटलं, पाण्यात तडकेल, तेलात बुडवू. घरचं करडईचं तेल नेलं. पातं तेलात गेल्याबरोबर धुराचा लोट उठला आणि ह्यांनी दीर्घ श्वास घेतला. "भज्यांची आठवण झाली," ते म्हणाले. पातं बाहेर आलं ते टोकाशी किंचित डावीकडं कललेलं. मामांनी ते गरम निखाऱ्यावरच्या पत्र्यावर ठेवून गव्हाळ रंग येईपर्यंत शेकलं आणि तेवढ्यात जमेल तितकं सरळ केलं. थोडा कल राहिला तो राहिलाच.

घासून, मूठ बसवून झाल्यावर शेवटची पायरी होती रेघा उठवायची. काष्ठौषधीवाल्याचं दुकान आता उघडलं होतं. त्याच्याकडून हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, आणली, पाण्यात विरघळवली आणि तिचा बोळा पात्यावर फिरवायला लागले. पहिल्यांदा काही नाही. पातं नुसतंच मळकट झालं. दुसऱ्यांदाही काही नाही. ह्यांनी घसा खाकरला. मामांनी रस्त्याकडं बघायला सुरुवात केली. इतके दिवस, इतक्या थापा, आणि हाती काय, तर एक काळपट सुरी.

मी बोळा फिरवतच राहिले. मग पाण्यानं धुतलं आणि उन्हात धरलं.

"थांबा," मामी म्हणाली. तिनं पातं माझ्या हातातून घेऊन तिरपं केलं. करड्या पात्यावर पांढुरक्या रेघा होत्या. बारीक, एकीमागं एक, खाचांच्या जागी गोल वळून पुन्हा पुढं गेलेल्या. "भाकरी तव्यावर टाकून पान्याचा हात फिरवला की बोटांच्या रेगा उटत्यात न्हवं? तश्या हायत ह्या."

खरंच तशाच होत्या. मी लाकडाच्या, लाटांच्या उपमा मनात जमवून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या सोडून दिल्या. डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, हिराकस डोळ्यात गेली. हे ह्यांनाही पटलं नाही आणि मामांनाही नाही.

भाकरीवरून शर्यत आठवलीच. मामांनी सरळ नाही म्हटलं. "जोड साहेबांच्या पावडरीनं बसला. शर्यत लागली तवा पावडरीचं बोलनं झालं न्हवतं." त्यावर मामी म्हणाली की शर्यत लागली तवा स्टेनलेसचं तरी बोलनं कुटं झालं व्हतं. निवाडा आमच्या ह्यांच्याकडं गेला. ते कचेरीतला माणूस. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, जरा विचार केला आणि आठ दिवसांचा एक दिवस केला.

मग मामा भट्टीपाशीच परात घेऊन बसले. आम्ही तिघं फजिती बघायला समोर. त्यांनी पीठ मळलं, गोळा केला, थापायला घेतला. आणि त्या गाठी पडलेल्या हातांखाली भाकरी अशी गोल फिरत मोठी व्हायला लागली की आम्ही हसायचं विसरलो. कडा कुठं चिरली नाही. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर धरली. टम्म फुगली.

मामीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "चाळीस वर्सं," ती म्हणाली. "चाळीस वर्सं लपवून ठिवलंसा व्हय हे?"

"इचारलं कुनी?" मामा म्हणाले.

त्या दिवशी मामीनं चार भाकऱ्या खाल्ल्या, शेंगाच्या चटणीबरोबर. आणि मग उरलेले सात दिवस माफ का केले म्हणून ती आमच्या ह्यांच्याशी भांडली.

सुरी आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. कांदा चिरून लगेच पुसली नाही तर गंज धरते, लिंबू कापलं तर काळी पडते, आणि टोकाशी कल असल्यामुळं टोमॅटोच्या चकत्या एका बाजूला जाड येतात. मुलगी आली होती तेव्हा म्हणाली, ही काचेच्या कपाटात ठेव. मी तिला आधी त्याच सुरीनं गवार चिरायला लावली.

मध्ये मामीनं ती आठवडाभर मागून नेली. पाहुणे आले होते, त्यांना दाखवायची होती. आठ दिवसांनी परत आणायला आम्ही दोघं गेलो. मामीनं ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दिली. मी उघडून बघितली. धार पहिल्यापेक्षा लख्ख होती. पण पातं मला किंचित अरुंद वाटलं. मी बोटानं मापलं. अर्धा दोरा, तांदळाच्या जाडीइतकं तरी कमी भरत होतं.

"मामी, ही पुन्हा का पाजवली?"

मामीनं मामांकडं बघितलं. मामा एका कोयत्याला कानस मारत होते, खाली मान घालून, फारच मन लावून.

"पावन्यांनी इचारलं, ही खिळा तोडती का म्हून," मामी म्हणाली. "ह्येंनी सांगितलं, तोडती."

"मग?"

मामांनी मान वर केली. "तोडती," ते म्हणाले. "दोन तोडले. तिसरा जरा जाड व्हता."